पडीक धावपट्टी आणि जुनी सलून

इथे सेडान गाडीला 'सलून' म्हणतात. मी या देशात नवीन होतो तेव्हा आमच्या वर्कशॉपमधल्या एका वयस्कर फिटरने विचारलं, "शनिवारी सलून घेऊन कूमला चाललोय, येतोस का?" मला वाटलं, म्हातारा केस कापायला चाललाय आणि त्याला सोबत हवी आहे. 'घेऊन' म्हणजे काय ते मात्र कळेना. आपल्याकडे सलूनमध्ये जातात, सलून घेऊन कुणी जात नाही!

कूम म्हणजे कासल कूम. ब्रिस्टलपासून अर्ध्या-पाऊण तासावरचं, कॅलेंडरवर छापतात तसं दगडी घरांचं गाव. त्या गावाजवळच्या पठारावर मोटारींचा ट्रॅक आहे, १.८५ मैलांचा, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर. तिथे त्या शनिवारी 'ट्रॅक डे' होता. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, सकाळी नियम समजावून घ्यायचे आणि आपली स्वतःची गाडी दिवसभर ट्रॅकवर पळवायची. शर्यत नाही. घड्याळ लावून वेळ मोजायचीही परवानगी नाही. पुढच्याने खूण केल्याशिवाय ओव्हरटेक करायचं नाही, तेही ठरलेल्या एकाच बाजूने. रस्त्यावरचा नेहमीचा विमा इथे बहुधा लागू नसतो. गाडी ठोकली तर खर्च आपला.

मला वाटलं होतं लाल फेरारींची रांग दिसेल. होत्या दोन-तीन. बाकी सगळ्या वीस-पंचवीस वर्षांच्या चार दारी सलून. कधीकाळी त्यांतून कुणाची तरी पोरं शाळेत जात असतील. एकीच्या मागच्या काचेवर 'बाळ आत आहे' अशी पाटी तशीच होती, आणि मागची सीट मात्र काढून टाकलेली! मालक बॉनेट उघडून, गुडघ्यावर बसून, हात काळे करत होते. आपल्याकडे एवढी जुनी गाडी पळवायला काढली तर घरचे डॉक्टरकडे नेतील.

मग पुढे मलाही ते वेड लागलं. एक जुनी जर्मन सलून घेतली आणि फजितीही करून घेतली. ती शेवटी सांगतो. आधी, या देशात हे असं का घडलं त्याची गोष्ट, कारण ती नुसती हौसेची गोष्ट नाही.

मोटारी आल्या तेव्हा फ्रेंच लोक पॅरिसहून दुसऱ्या शहरापर्यंत भर रस्त्यावर शर्यती लावत. इंग्लंडमध्ये ते शक्य नव्हतं. १९०३ च्या कायद्याने वेगाची मर्यादा ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर केली, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावायची तर पार्लमेंटची मंजुरी हवी. १९०३ ची गॉर्डन बेनेट शर्यत ब्रिटनच्या वाट्याला आली तेव्हा ती आयर्लंडमध्ये नेऊन लावावी लागली. शेवटी ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदाराने वेब्रिजजवळच्या आपल्या जागेत, स्वतःच्या खर्चाने काँक्रीटचा ट्रॅक बांधला. हे ब्रुकलँड्स, १९०७ साली सुरू झालं. खास मोटारींसाठी बांधलेला जगातला पहिला ट्रॅक तो. गंमत म्हणजे शेजाऱ्यांची तक्रारही लगेच सुरू झाली. आवाजाचं प्रकरण १९२० च्या दशकात इतकं पेटलं की तिथे प्रत्येक गाडीला ठरावीक मापाचा मोठा सायलेन्सर सक्तीचा झाला. आज कूमला सकाळी गाडीच्या मागे मीटर धरून डेसिबल मोजतात, त्याची सुरुवात तिथे आहे.

१९३९ साली युद्ध सुरू झालं आणि ब्रुकलँड्स विमानांच्या कारखान्याला गेलं ते कायमचं. ट्रॅक संपला. पण युद्धानेच ट्रॅक दिलेही.

त्या सहा वर्षांत ब्रिटनमध्ये ४०० हून जास्त नवे विमानतळ बांधले गेले. बॉम्बर विमानांच्या तळाचा नकाशा साधारण ठरलेला असे. एकमेकींना छेदणाऱ्या तीन धावपट्ट्या, मुख्य पट्टी २००० यार्डांची, आणि या सगळ्याला वळसा घालणारा ५० फूट रुंदीचा एक रस्ता, ज्यावरून विमानं जागेवरून धावपट्टीपर्यंत जात. वजनदार बॉम्बर पेलेल असा हा रस्ता, सपाट, बंदिस्त, आणि सार्वजनिक नाही! १९४५ नंतर हे तळ ओस पडले. धावपट्ट्यांच्या मधल्या जागेत शेतकरी पुन्हा पीक घ्यायला लागले, मेंढ्या चरायला लागल्या. रस्त्यावर शर्यतीला बंदी, ब्रुकलँड्स गेलेलं, आणि देशभर असे वळसे पडून. पुढचं सांगायला नकोच.

१९४७ च्या सप्टेंबरात काही मित्रांनी सिल्व्हरस्टोनच्या ओसाड तळावर गुपचूप गाड्या पळवल्या. त्यातल्या एकाच्या गाडीखाली मेंढी आली, म्हणून त्या शर्यतीचं नाव 'मटण ग्राँ प्री' पडलं. दुसऱ्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९४८ ला, तिथे गवताच्या पेंढ्या आणि तेलाची पिंपं लावून खरीखुरी ग्राँ प्री झाली, आणि १३ मे १९५० ला जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत. गुडवुड १९४८, कासल कूम १९५०. स्नेटर्टन, थ्रक्स्टन, क्रॉफ्ट, सगळे मूळचे विमानतळ. सिल्व्हरस्टोनच्या एका सरळ पट्ट्याला अजून 'हँगर स्ट्रेट' म्हणतात. आपल्याकडेही हे झालं आहे बरं का. चेन्नईजवळचं शोलावरम हे युद्धकाळातलंच धावपट्टीचं मैदान. तिथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने कित्येक वर्षं शर्यती भरवल्या, फियाट-अँबॅसडरसकट.

आता सलूनकडे येतो. खास रेसिंग गाडी परवडणारे थोडे. बाकीच्यांकडे जी होती ती घरची गाडी. ब्रिटिश सलून अजिंक्यपद स्पर्धा १९५८ साली सुरू झाली. पहिल्याच वर्षी टॉमी सॉपविथ (विमानं बनवणाऱ्या प्रसिद्ध सॉपविथचा मुलगा) आणि नॉरफकचा शेतकरी जॅक सीअर्स यांचे गुण सारखे झाले. सॉपविथची जॅग्वार, सीअर्सची ऑस्टिन वेस्टमिन्स्टर. ही ऑस्टिन म्हणजे आपल्या अँबॅसडरच्या घराण्यातली. अँबॅसडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तेव्हा ऑस्टिन-मॉरिस एकाच कंपनीचे. नाणं उडवून निकाल लावायची कल्पना निघाली, ती दोघांनाही पटली नाही. मग सारख्या दोन रायली गाड्या आणल्या, पाच फेऱ्या मारल्या, गाड्यांची अदलाबदल करून पुन्हा पाच. पावसात. दोन्हींची बेरीज केल्यावर सीअर्स १.६ सेकंदांनी जिंकला. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

जॅग्वारची गोष्ट मात्र मला इंजिनिअर म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. १९५७ ची त्यांची ३.४ लिटरची सलून ताशी १२० मैल, म्हणजे १९३ किलोमीटर जाई, आणि सुरुवातीला तिला ब्रेक होते ड्रमचे. ड्रम ब्रेकमध्ये उष्णता आत कोंडते. ड्रम तापून फुगतो, लायनिंगची पकड जाते, पेडल दाबत जावं तशी गाडी कमीच थांबते. वेग आधी आला होता, थांबणं मागे राहिलं होतं. आणि यावरचं औषध त्याच कंपनीच्या कपाटात होतं! चकतीचे ब्रेक डनलॉपने विमानांसाठी तयार केले होते, कारण उतरणाऱ्या विमानाला थोड्या अंतरात प्रचंड उष्णता टाकून द्यावी लागते. तेच जॅग्वारने रेसच्या गाडीला लावले आणि १९५३ ची २४ तासांची ल मान्स जिंकली, सरासरी ताशी १०५ मैलांनी. बाकीच्यांपेक्षा उशिरा ब्रेक लावूनही वळण घेता येत होतं, तेही रात्रभर. सलूनला हे ब्रेक आधी जादा पैसे भरून मिळू लागले, आणि १९५९ च्या 'मार्क टू'ला चारही चाकांना मूळचेच आले. पोलीस आणि दरोडेखोर दोघांनाही ही गाडी आवडली म्हणतात ते उगाच नाही. (२००८ पासून जॅग्वार टाटांची आहे हे तुम्हाला माहीत आहेच.)

पुढची पायरी लोटस कॉर्टिना, १९६३. फोर्डच्या साध्या कुटुंबवत्सल गाडीत लोटसने १.६ लिटरचं दोन कॅमशाफ्टचं इंजिन बसवलं, दारं आणि बॉनेट ॲल्युमिनियमचे केले. जिम क्लार्कने तिच्यावर १९६४ ची सलून स्पर्धा जिंकली. पण ही गाडी देखभालीचा धडाही आहे. मागच्या बाजूचे कमान-पाटे काढून लोटसने स्प्रिंगा आणि 'ए'च्या आकाराचा एक दांडा लावला आणि तो डिफरन्शियलला जोडला. वळणावरचा सगळा ताण डिफरन्शियलच्या हाउसिंगवर यायचा, बोल्ट ढिले व्हायचे, तेल गळायचं, आणि ते तेल रबरी बुशवर पडून बुश खराब व्हायचे. १९६५ साली गुपचूप पुन्हा पाटे लावले. ताकद वाढवली की ती शेवटी कुठे जाऊन बसते हे आधी बघावं, हा धडा साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे. मी वाचला होता. शिकलो नव्हतो.

आता सीअर्स. एम-१ हा इथला मोठा मोटरवे १९५९ साली सुरू झाला तेव्हा त्यावर वेगमर्यादाच नव्हती. जून १९६४ मध्ये पहाटे जॅक सीअर्सने ल मान्सला न्यायची एसी कंपनीची गाडी एम-१ वर तपासायला काढली आणि ताशी १८५ मैलांनी, म्हणजे जवळजवळ ३०० किलोमीटरने पळवली. त्यात बेकायदेशीर काहीच नव्हतं! पेपरात बोंब झाली. डिसेंबर १९६५ मध्ये ७० मैलांची मर्यादा आली, आधी तात्पुरती आणि १९६७ पासून कायमची. सीअर्समुळे आली असं लोक सांगतात, पण खरं कारण त्या हिवाळ्याच्या तोंडाला धुक्यात झालेले साखळी अपघात. शिवाय १९५९ च्या जानेवारीत ब्रिटनचा पहिला फॉर्म्युला वन जगज्जेता माइक हॉथॉर्न गिल्डफर्डच्या ओल्या रस्त्यावर एका मर्सिडीजला मागे टाकून, आपल्या जॅग्वार सलूनसकट झाडावर गेला होता. वय २९.

माझ्या मते ट्रॅक डेचा पाया इथे आहे. रस्त्यावरचा वेग कायद्याने बंद होत गेला, पण रिकाम्या धावपट्ट्यांमुळे त्याला जायला जागा होती. वेग मारून टाकला नाही, कुंपणात घातला. १९९० च्या दशकापासून हे दिवस फार वाढले. जुन्या सलून तिथे टिकल्या त्याला आणखी एक कारण आहे, एमओटी. १९६० साली ही वार्षिक तपासणी दहा वर्षांवरच्या गाड्यांना लागू झाली, १९६७ पासून तीन वर्षांवरच्या. इथे गाडीचं वय कुणी विचारत नाही, अवस्था विचारतात. गंज, ब्रेक, टायर, दिवे, धूर. पास झाली की आणखी एक वर्ष. त्यामुळे वीस वर्षांची धडधाकट सलून इथे किरकोळ किमतीला मिळते.

तशी मी घेतली. आणि पहिले पैसे कशावर घातले? मोठी चाकं, वेगळा एअर फिल्टर, घुमणारा एक्झॉस्ट. आवाज असा झाला की डेसिबलच्या चाचणीत जेमतेम पास. एमओटी महिन्यापूर्वीच झालेली. मुलगी नुकती सतराची, म्हणजे इथे गाडी शिकायच्या वयाची झालेली. तिला शेजारी बसायचं होतं. म्हटलं, आधी मी एकटा पाच-सहा फेऱ्या मारून येतो, मग तू.

कूमला एव्हन राइज नावाचा चढ आहे. तो संपतो तिथे गाडी हलकी होते, आणि नेमका तिथेच 'क्वॉरी' या वळणासाठी जोराचा ब्रेक लावायचा असतो. चौथ्या फेरीत पेडल जरा मऊ लागलं. दुर्लक्ष केलं. पाचव्या फेरीत पेडल सरळ तळाला गेलं. हाताला गिअर लागला तो खाली टाकला, पेडल मारत राहिलो, वळण सोडून गवतात गेलो, आणि टायरच्या भिंतीपासून थोड्या अंतरावर गाडी थांबली. कशालाही काही झालं नाही. पॅडॉकमध्ये मुलगी हेल्मेट हातात घेऊन उभी होती.

गाडीचं वजन माझ्यासकट सुमारे १४०० किलो. ताशी १८० वरून ९० वर आणायची तर तेरा लाख ज्यूल उष्णता ब्रेकमध्ये जाते. चार लिटर गार पाणी उकळीला येईल एवढी, तीन-चार सेकंदांत, आणि दीड मिनिटाने पुन्हा तेच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. 'डॉट ४' प्रतीचं नवं ऑइल कमीत कमी २३० अंशांना उकळतं, पण पौणेचार टक्के पाणी शिरलं की हमी फक्त १५५ अंशांची. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते. म्हणून पेडल तळाला. एमओटीला रोलरवर ब्रेक धरतात का ते बघतात, ऑइलमध्ये पाणी किती ते मोजत नाहीत. चूक शंभर टक्के माझी.

म्हाताऱ्या फिटरने एवढंच विचारलं, "ऑइल कधी बदललंस?"

"कमी झालं नव्हतं म्हणून बदललं नाही," मी म्हणालो.

त्याने थोडं काढून कपात धरलं. चहाच्या रंगाचं होतं. मुलीला त्या दिवशी बसवलं नाही. घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही. घरी आल्यावर बायको बोलली, ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर एक हिवाळाभर गाडी उलट्या क्रमाने केली. आधी ब्रेक ऑइल, चांगल्या प्रतीचं, आणि दर मोसमाला नवीन. मग उष्णता सोसणारे पॅड आणि जुन्या रबरी नळ्यांच्या जागी नव्या. मग थंड ठेवायची बाजू. रेडिएटर, पाण्याच्या नळ्या, आणि वॉटर पंप, ज्याचा प्लॅस्टिकचा पंखा वयाने ठिसूळ झाला होता. मग सस्पेन्शनचे सगळे बुश, टायर, अलाइनमेंट. इंजिनाला हात लावला नाही. मूळचा सायलेन्सर परत बसवला. ट्रॅकवरून येताना शेवटची फेरी ब्रेक न लावता हळू मारायची, म्हणजे चकत्या निवतात. उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवायची. नाहीतर तापलेले पॅड चकतीला धरून बसतात. प्रत्येक दिवसानंतर चाकांचे नट पान्ह्याने मापात आवळायचे, चकत्यांना तडे आहेत का बघायचं. यातलं काहीच दिसण्यासारखं नाही. पैसे मात्र चाकांपेक्षा जास्त गेले.

आणि हे करताना आठवले आमचे बाबा. त्यांची पद्मिनी होती, चारही चाकांना ड्रम. बोरघाट उतरताना बाबा दुसऱ्या गिअरमध्ये टाकत आणि म्हणत, "उतरायचं गिअरवर, ब्रेक फक्त थांबायला." शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी थांबवत, नाणं टाकत, आणि चाकांजवळ हात नेऊन किती तापलीत ते बघत. मला वाटायचं ती देवभक्ती आहे. अर्धी होती. अर्धी ब्रेकची तपासणी होती! मी परदेशात असताना ती पद्मिनी भंगारात गेली. फोनवर बाबांनी एका वाक्यात सांगितलं आणि विषय बदलला.

इथल्या या जागाही कायमच्या नाहीत. क्रॉफ्टच्या शेजाऱ्यांनी आवाजाबद्दल दावा लावला आणि २००९ साली अपील कोर्टाने जास्त आवाजाच्या दिवसांना वर्षाला चाळीसची मर्यादा घातली. शेजाऱ्यांचंही चूक नाही, रविवारी झोपायचं असतं माणसाला. कॉर्बीचा रॉकिंगहॅम ट्रॅक २००१ ला सुरू झाला आणि २०१८ मध्ये बंद. आता तिथे गाड्या नुसत्या उभ्या करून ठेवतात. कुंपणातली जागा गेली तर वेग परत रस्त्यावर येईल, ही मला खरी भीती वाटते. आपल्याकडे रात्री हायवेवर पोरं शर्यती लावतात, त्यांना उपदेश मिळतो आणि दंड मिळतो. जागा मिळत नाही.

पुढच्या वर्षी मुलगी शेजारी बसली. क्वॉरीला मी नेहमीपेक्षा लवकर ब्रेक लावला, तर म्हणाली, "बाबा, घाबरलात का?" हो म्हणालो.

असो. तुम्ही ट्रॅकवर जाणार नाही, पण घाटातून जाताच. गाडीच्या ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर ते कमी झालेलं नसलं तरी बदलून घ्या. पावसाळ्याआधी घ्या. आणि उतरायचं गिअरवर.